चार बोटं उंच

राजूर, तालुका अकोले
ता. ६ नोव्हेंबर १९४६

शास्त्रीबुवा,

आसारामचा राम राम. तू म्हनशील, दिवाळी सरली आन् ह्याला आत्ता मैतर आठवला. आठवन रोजच हुती, पर हात मोकळा न्हवता.

सोबत बारदानात गुंडाळून लॉरीची दोन पायडलं धाडतो हाय, एक किलचचं आन् एक बिरेकचं. संगमनेरच्या सर्व्हिस मोटारीचा डायवर आनून देईल. लोखंड हाय, पायावर पाडून घिऊ नको.

धरनाचं काम सपल्यावर लिलावात ही लॉरी घेतली, तवापून ह्या पायडलांवर पाय हाय. आता त्यांची पार वाट लागली. बुडातला बुश, म्हंजी पायडल ज्यात फिरतं त्ये कडं, झिजून लांबुळका झालाय. दाबलं की पायडल आधी डावीकडं झुलतं, मग इचार करतं, मग खाली जातं. वरच्या पट्ट्यांना तर खळगं पडल्यात. ह्या जातीचं सामान आता कंपनीत बी मिळत न्हाई. तुझ्या नगरात चांदभाई लेथवाला हाय, त्याच्याकडून बुश नवं करून घे, पिना नव्या घाल, आन् दोनी पट्ट्या चार बोटं उंच करून घे. चार बोटं. इसरू नको.

घाई अशी की डोंगरातला हिरडा उतरू लागलाय. दरसाली तो संगमनेरला शेटच्या वखारीत मीच पोचवतो. औंदा लढाईतली मिलटरी लॉरी घेतलेला एक गडी शेटच्या दारात उभा हाय. शेट म्हनला, संक्रांतीपातूर तुझा माल येळेवर आला तर काम तुझं, न्हाईतर त्याचं. ह्या लॉरीबिगर मला दुसरं काय येतं, तुला ठावं हाय.

बाकी लॉरी झ्याक. पहाटं धुक्यात घाट उतराया लागली की गानं म्हनती.

रंगू नमस्कार सांगती.

तुझा
आसाराम


अहमदनगर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

आसाराम,

तुझे पत्र सकाळी आले आणि पायडले दुपारी. त्या ड्रायव्हरने बारदान ओसरीवर असे आपटले की शेजारच्या बनुबाई ‘काय फुटलं?’ करीत धावत आल्या. मी म्हटले, ‘राजूरहून पाहुणे आलेत. दोघे आहेत, पण जेवत नाहीत.’ तेव्हापासून त्या माझ्याकडे जरा जपून बघतात. विधुर माणसाने विनोद करू नये, लोकांना काळजी वाटते.

संध्याकाळी दिवा लावून तुझी पायडले निरखत बसलो. आपल्या पाथर्डीच्या देवळाच्या उंबऱ्याला जो खळगा होता, तो पडायला किती पिढ्यांचे पाय लागले असतील कोण जाणे. तू तेवढेच काम एकट्याने आणि बुटाच्या खिळ्यांनी केलेस. लोखंड इतके मऊ झालेले मी प्रथमच पाहिले. त्यात बोट ठेवले की ते आपोआप बसते, जणू कुणी जागा राखून ठेवली आहे. क्लचच्या पट्टीच्या वरच्या कडेला मात्र बारीक, नखाएवढे वाकडे ओरखडे आहेत, दोन-दोन शेजारी. भिंग घेऊन पाहिले. लिपी म्हणावी तर लागत नाही. बुटाला नवीन तऱ्हेचे नाल मारून घेतलेस काय?

दुसऱ्या दिवशी तुझे पत्र घेऊन चांदभाईकडे गेलो. त्याने बुश हातात घेतला, डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘या भोकातून शास्त्रीजी दोन दिसतात.’ मी म्हटले, एकाचाच पगार मिळतो. मग कामाला लागला.

आता तुझ्या चार बोटांविषयी. शाळेत असताना तू दारातून वाकून आत यायचास आणि तरी मास्तरांना वाटायचे तू नमस्कार करतो आहेस. त्या उंचीच्या माणसाचे पायडल आणखी चार बोटे वर आले तर गुडघे हनुवटीला टेकतील आणि विठा घाट तुला दाढीने उतरावा लागेल. पोथी नकलताना लेखनिक पेंगला की असे काहीतरी लिहून जातो. मग अर्थाचा मेळ पाहून मूळ पाठ कोणता असेल ते संपादकाने ओळखायचे आणि लेखनिकाच्या चुकीवर पांघरूण घालायचे, ही आमच्या धंद्याची रीत. मी ते पांघरूण घातले आहे. पट्ट्या होत्या त्याच उंचीवर, नव्या, सपाट आणि घासून गुळगुळीत करून घेतल्या.

चांदभाई अडून बसला होता. ‘चिठ्ठीत चार बोटं उंच लिहिलंय.’

‘अहो, तो माणूस चौकटीत वाकून जातो.’

‘चौकटीत गाडी चालवतो का तो?’

‘चांदभाई, मी त्याला लहानपणापासून ओळखतो.’

‘मग ठीक. पण चिठ्ठी मी जपून ठेवतो. उलटं आलं तर माझ्याकडे कागद आहे.’

कापून काढलेल्या जुन्या पट्ट्या मी मागून घेतल्या. माझी पाने उडतात, त्यांच्यावर ठेवायला बऱ्या.

लॉरी गाणे म्हणते असे लिहिलेस, त्याने माझी पहाटेची झोप बिघडवली. बिघडवली म्हणजे सुधारली. मला दिसले की सगळा डोंगर दुधात भिजवून ठेवला आहे आणि त्यातून तुझी लॉरी चाकांचा आवाज न करता खाली येते आहे. चाकावर कोणी दिसत नाही. नुसते गाणे येते आणि मधूनमधून काकणे वाजतात. इंजिनात काकणे कुठून आली, असे विचारावे म्हणून तोंड उघडले तो दूधवाला हाक मारीत होता.

पायडले त्याच ड्रायव्हरबरोबर धाडतो आहे. या वेळी बनुबाईंना पाहुणे गेल्याचे आधीच सांगितले आहे.

रंगुबाईंना नमस्कार.

तुझा
नरहर


राजूर
ता. २७ नोव्हेंबर

शास्त्रीबुवा,

पायडलं मिळाली. चांदभाईचं काम एक नंबर. बुश असा बसलाय की पायडल आता इचार करत न्हाई, सरळ खाली जातं. पट्ट्या तर आरशावानी चकाकतात. रंगूनं त्यात तोंड बघितलं आन् खळगा हुता तिथं अंगठा फिरवला.

लॉरी सध्या उभी हाय. थंडी लई पडलीय, सकाळचं यंजिन धरत न्हाई. शिवाय तिला बी जरा इसावा. थोडा हिरडा रस्त्यावर सांडला हुता, त्यो येचून घेतला. शेटला निरोप धाडलाय की येतो म्हनून.

चार बोटांचं ऱ्हाऊ दे. तू म्हनतोस तर चूकच झाली आसंल.

एक सहज इचारतो. लोखंडाच्या पट्टीवर लाकडाचा ठोकळा पक्का कसा बसवतात, फिरू नये आसा? चांदभाईला इचारून ठेव. घाई न्हाई. घरातला एक पाट डगमगतो हाय.

तुझं सपान रंगूला वाचून दावलं. लई हसली. मग म्हनली, ‘भावजींला झोपू द्या, जागेपनी त्यांला कमी दिसतं.’

तुझा
आसाराम


अहमदनगर
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

आसाराम,

ज्या घरात पाटाला लोखंडाची पट्टी आहे, त्या घरी जेवायला यायची माझी तयारी आहे, पण बसायची नाही. चांदभाईला तुझा पाट सांगितला. तो म्हणाला, ‘पाटाला क्लच आहे का?’ आणि पुन्हा काम करू लागला. त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

थंडी पडली, इंजिन धरत नाही, लॉरीला विसावा हवा. एका पत्रात तीन कारणे आली की आम्ही परीक्षक लोक चौथे शोधू लागतो. मला ते सापडले आहे. तू म्हातारा झालास. त्यात लाजण्यासारखे काही नाही, मी केव्हाच झालो. मिलटरी लॉरीवाल्याला खुशाल हिरडा नेऊ दे. तू ती लॉरी विकून टाक, दारात उन्हाला बैस, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींना नावे ठेव. फार सुखाचा आश्रम आहे, आणि त्याला पायडले लागत नाहीत.

तुझ्या पट्ट्या मात्र माझ्या टेबलावर कामाला लागल्या आहेत. परवा सातवीच्या वर्गात मुले संस्कृत धातू चालवीत होती. खिडकीतून ऊन येत होते आणि मी डोळे मिटून ऐकत होतो, असे मी त्यांना नंतर सांगितले. प्रत्यक्षात मी तुझ्या घाटात होतो. मुलांचा एकसुरी घोष हळूहळू लॉरीचा झाला, फळ्याचा काळा रंग निवळून पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यात पुन्हा तेच गाणे. शब्द अगदी ओठाशी आले होते. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळा वर्ग घाटातून खाली उड्या मारीत गेला.

खरे सांगतो, इतकी वर्षे तू बोलावतोस आणि मी येत नाही. आपल्या कोरड्या मुलखातली दोन पोरे. एकाने जाऊन धरणाच्या पाण्याशी घर केले आणि दुसऱ्याने शब्दांशी. मला अधूनमधून वाटते, तुझी निवड जास्त ओली होती.

पण हिरडा रस्त्यावर का सांडला, ते लिहिले नाहीस.

तुझा
नरहर


राजूर
(तारीक ह्यांना इचारली तर ‘कशाला?’ म्हनतील, म्हनून न्हाई.)

भावजी,

रंगुबाईचा नमस्कार. अक्षर वाकडं हाय. वखारीत माल उतरंस्तवर ह्यांनी मला लॉरीच्या फळीवर खडूनं अक्षरं शिकवली. तवा ओळ बी फळीवानी खडबडीत येती.

तुमी ह्यांना लिवलं, लॉरी इका आन् दारात उनाला बसा. त्ये वाचून ह्यांनी पत्र घडी करून पटक्यात खवलं. आता संक्रांतीला भंगारवाल्याला बोलवलंय. म्हनून मी लिवते. ह्यांना ठावं न्हाई, आन् तुमी बी सांगायचं न्हाई.

गेल्या साली चाक बदलताना जॅक निसटला आन् ह्यांचा डावा गुडगा गेला. त्यो आता वाकत न्हाई. काठी घेऊन हिंडत्यात. किलच दाबायचं नाव न्हाई. तुमाला कळवू दिलं न्हाई. म्हनले, ‘शास्त्री माझ्या गुडग्यावर श्लोक करील.’

तवापून लॉरी मी चालवते.

हसा. हसून झालं की फुडं वाचा.

ह्यांनीच शिकवली, मागच्या माळावर. मी चाकावर बसून चालवते आन् त्ये शेजारी बसून चालवत्यात. ‘आगं दाब. आगं सोड. आगं तुझ्या बापानं बांधला का घाट?’ मी वव्या म्हनते, म्हंजी ह्यांचं वरडनं ऐकू येत न्हाई. जात्यावर कसं, ओळ सपली की खुट्टा फिरून फुडं येतो, तसं ओळ सपली की किलच. गियर चुकत न्हाई. लॉरीचं गानं म्हंजी मी.

डोईला ह्यांचा पटका, अंगात ह्यांचा कोट. धुक्यात कोन बघतंय? संगमनेरात वखारीच्या वर उतार हाय. उताराच्या टोकाला आमी जागा बदलतो. तिथनं लॉरी आपल्या आपन घरंगळत दारापातूर जाती, ह्ये नुसतं चाक धरत्यात आन् बिरेक लावत्यात. परत निघताना हमाल लॉरी वळनाआड ढकलत्यात, तिथं परत मी चाकावर. ह्ये म्हनतात, यंजिन दमलंय. वरसभर आसं चाललंय. शेटला कळलं की आसारामचा पाय गेला, तर दुसऱ्या दिशी काम गेलं.

माझी उंची तुमी आमच्या लग्नात पाह्यलीय. गादीच्या कडंला बसून पायाच्या शेंड्यानं दाबावं लागतं. पर जुन्या पट्टीत ह्यांच्या बुटानं पाडलेला खळगा हुता. त्यात माझी बोटं बरुबर बसायची, जोडवी कडंला घासायची, पर पाय सरकायचा न्हाई. म्हनून तर येवढं दिस निभलं. पायडलं धाडली तवा म्हनलं, चार बोटं वर आली तर पाठ टेकून बसाया मिळंल.

तुमी वर तर केली न्हाईतच, खळगा बी बुजवला. वरनं तेल लावल्यावानी गुळगुळीत. पयल्याच खेपंला इठा घाटात बिरेकवरनं पाय सरकला. मी डोंगराच्या अंगाला घातली म्हनून आज लिवते हाय. पोती फुटली. हिरडं रस्त्यानं आमच्या फुडं पळत हुतं. ह्ये खाली उतरून काठीनं त्ये गोळा करीत बसले. मग लाकूड सुतळीनं बांधून पाह्यलं, वळनावर फिरतं.

ह्यांना पाय गेल्याचं तेवढं दुख न्हाई. ‘बायकूसाठी पायडलं’ हे तुमाला कळंल, त्येची लाज वाटती. मला न्हाई वाटत. मला चालवायला आवडतं, भावजी. जलमभर डोईवर वझं घेऊन हाच घाट चढले, तवा फकस्त पायाखालचा दगड दिसायचा. आता धुकं फाटलं की खाली परवरा नदी दिसती. भंगारवाला तेवढं बी तोडून नेईल.

चार बोटं कुनाची, आसं इचाराल. ह्यांची न्हाई, माझी. कागदावर हात ठिवून रेघ वढलीय बघा. आता ह्यात दुरुस्ती करू नगा.

रंगुबाई


अहमदनगर
मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

आसाराम,

माझे मागचे पत्र फाडून टाक. नुसते फाडू नकोस, त्याची पुरचुंडी करून लॉरीच्या चाकाखाली ठेव आणि वरून लॉरी ने.

चांदभाईने तुझी मूळ चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. त्यात ‘चार बोटं’ दोनदा लिहिलेले आहे. पेंगणारा लेखनिक एकच चूक दोनदा करीत नाही, एवढे मला कळायला हवे होते. प्रमाद लेखनिकाचा नव्हता, संपादकाचा होता. वय वाढले की माणूस गादीत खचत जातो, पायडल आपोआप लांब पडते, असे चांदभाई म्हणतो. मी मान डोलावली. मीही माझ्या खुर्चीत बराच खचलो आहे.

तेव्हा नवे काम असे केले आहे. बाभळीचे दोन ठोकळे, बरोबर चार बोटे. चांदभाईने स्वतःचा पंजा पुढे केला तेव्हा मी ‘इतकी जाड बोटे नकोत’ म्हणून जरा नाजूक माप दिले. का, ते विचारू नकोस, मला तसे वाटले. ठोकळ्यांवर तुझ्या त्या जुन्याच पट्ट्या, खळग्यासकट, आणि आरपार लांब बोल्ट. वळणावर फिरणार नाहीत. खळगा बुजवून सपाट करणे म्हणजे सुधारणा, असे मला वाटत होते. आता वाटते, इतक्या वर्षांची वहिवाट एका दिवसात घासून काढणारा मी कोण?

त्या पट्ट्या देताना एकदा पुन्हा दिव्याखाली धरल्या. ते नखाएवढे ओरखडे मला या वेळी वाचता आले. काय वाचले ते लिहीत नाही.

ठोकळे घेऊन मी स्वतः येतो आहे. संक्रांतीच्या आदल्या पहाटे मला तुझ्या लॉरीतून, हिरड्याच्या पोत्यांसकट, संगमनेरला जायचे आहे. तोवर लॉरीला काहीही करू नकोस, कुणाला दाखवूही नकोस.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मोटारीत बसलो की मला झोप लागते. शाल तोंडावर ओढली की मग घाट काय, नदी काय, चाकावर कोण बसले आहे काय, मला काही म्हणजे काही दिसत नाही. वाटेत कुणी हलवले तर माझे डोके दिवसभर दुखते. तेव्हा तुम्ही आपल्या रोजच्या रीतीने चालवा आणि मला दारापाशी बसवून टाका, तिसऱ्या पोत्यासारखे.

तुझा
नरहर


अहमदनगर
पौष वद्य दशमी

आसाराम आणि रंगुबाई,

घरी सुखरूप पोहोचलो. टेबलावरची पाने आता वाऱ्याने खोलीभर हिंडतात आणि मला राग येत नाही.

राजूर ते संगमनेर मी गाढ झोपलो होतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. त्यामुळे खाली लिहितो ते निव्वळ स्वप्न आहे. त्याला उत्तर देण्याची गरज नाही.

स्वप्नात दार लागले, बोल्ट आवळल्याचा आवाज आला, आणि माझ्या पलीकडून कुणीतरी पाठ टेकून लांब श्वास सोडला. अनेक दिवस पाठ न टेकलेल्या माणसाचा तो श्वास होता. मग लॉरी हलली. शालीतून धुके आत येत होते. त्याला ओल्या गवताचा, कोळशाचा आणि हिरड्याचा तुरट वास होता. मी इतका हलका झालो की मला वाटले, आपल्याला पोत्यांबरोबर बांधले आहे ते बरे केले. आणि गाणे सुरू झाले. या वेळी शब्द नीट आले.

डोंगराचं जातं गं, धुकं दळीते पहाट,
पिठाच्या खाली बाई, निजली माझी वाट.

ओळ संपली की पायडल खाली जाई, आणि खाली जाताना त्याचा आवाज होत नसे. दुसरी ओळ, दुसरे वळण. माझ्या आणि चाकाच्या मधल्या माणसाने दोनदा ‘आगं’ म्हटले आणि दोन्ही वेळा पुढे बोलायला त्याला काही सुचले नाही. झोपलेल्या वाटेवरून तिला जाग येऊ न देता आपण चाललो आहोत, असे काहीसे मला वाटत होते. नदी आली तेव्हा गारवा वाढला. लहानपणी मला वाटे, पाणी असलेल्या गावात माणसे बोटीतून फिरत असतील. ती बोट हीच.

मग एका उताराच्या टोकाला लॉरी थांबली. इथे स्वप्न जरा अडखळले.

‘ह्याला उठवावं लागंल,’ मधला माणूस कुजबुजला. ‘मधल्या मधी कशी बदलायची जागा? माझा पाय हा असा. दाराशी ह्यो.’

‘झोपलेत बिचारे. डोकं दुखतं म्हनले.’

मला त्या क्षणी कळले की मी केवढी चूक करून ठेवली आहे. तुमची अब्रू राखायला म्हणून झोपलो आणि नेमका तुमच्या वाटेत आडवा पडलो. जागे व्हावे तर सगळे पाहिल्यासारखे होते. न व्हावे तर वखार समोर. पोथीत अशा वेळी काय करावे ते कुठेही दिलेले नाही. म्हणून मी घोरलो. आयुष्यात इतके विचारपूर्वक मी कधी घोरलो नव्हतो.

मग मधला माणूस म्हणाला, ‘चालव.’

‘दारापातूर?’

‘दारापातूर.’

आणि लॉरी घरंगळत नाही, इंजिन चालू ठेवून, गियर बदलत वखारीत गेली. हमालांचा गलबला एकदम थांबला. शेटचा आवाज आला, ‘आसाराम, चाकावर कोण आहे?’ त्यावर काकणांचा बारीक आवाज झाला, आणि मला शालीतूनच दिसले की चाकावरच्या माणसाने डोक्यावरचा पटका काढला आणि ती बाई झाली.

शेट लॉरीभोवती एक फेरी मारून आला. शेवटी म्हणाला, ‘माल कोरडा आहे ना?’

‘कोरडा हाय.’

‘मग उतरवा की. उभे काय राहिलात?’

एवढ्यावर मला जाग आली आणि कुठे आलो म्हणून मी विचारले. तुम्ही दोघांनी इतक्या गंभीरपणे ‘संगमनेर’ म्हणून सांगितलेत की मीही गंभीरपणे आश्चर्य केले.

आता जागेपणाची एक गोष्ट. स्वप्नात चालते, पण रस्त्यावर परवाना लागतो. इथल्या कचेरीत विचारून आलो. परवाना बाईला देऊ नये असे कायद्यात कुठेही नाही, कारण असे काही होईल हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलेले नाही. तिथला कारकून माझा विद्यार्थी. संस्कृतात दोनदा नापास झाला होता आणि मी पुन्हा त्याची परीक्षा घ्यायला आलो असे समजून उभा राहिला. फाल्गुनात रंगुबाईंनी लॉरी घेऊन इकडे यावे. परवाना असलेले माणूस शेजारी बसवायचे असते. ते तुमच्याकडे आहेच, आणि त्याला ओरडण्याचा सरावही आहे.

चांदभाई म्हणतो, चिठ्ठी अजून त्याच्याकडे आहे आणि तो ती देणार नाही.

नरहर


राजूर
ता. २५ जानेवारी १९४७

शास्त्रीबुवा,

तुझं सपान मिळालं. रंगूनं मोठ्यानं वाचलं, अडखळत, पर सगळं. तू उत्तर देऊ नको म्हनलास म्हनून देतो हाय.

शेटनं हिरडा सपंस्तवरचं काम दिलं. मिलटरी लॉरीवाला आता आमच्या मागनं घाट उतरतो आन् रंगू त्याला बाजू देत न्हाई. हमाल ढकलायला येतात, मी म्हनतो नगं, यंजिनाला आराम पडलाय. भंगारवाला संक्रांतीला आला हुता. त्याला तिळगूळ दिला आन् वाटंला लावला.

गुडगा तुला सांगितला न्हाई, त्येचं वाईट वाटून घिऊ नको. तुला कोनी सांगितलं, त्ये मी इचारत न्हाई. रंगू चुलीकडं तोंड करून बसली हाय.

फाल्गुनात येतो. बनुबाईला सांगून ठेव, ह्या टायमाला पाहुनं जेवनारं हायेत.

एक तेवढं चुकलंय तुझ्या सपनात. घोरताना तुझे डोळे मिटलेले हुते, म्हनून आसंल. शेटनं इचारल्यावर रंगूचे दोनी हात चाकाला गच्च धरलेले हुते, सुटतच न्हवते. तिनं पटका काढला न्हाई. मी काढला, तिच्या डोईवरनं. मग माझ्या डोईला बांधायचा म्हनून हात वर नेला, आन् तसाच मांडीवर ठिवला. संगमनेरचा सगळा बाजार बघत हुता. मी बी तिच्याकडंच बघत हुतो.

येवढी दुरुस्ती तुझ्या हातानं करून घे.

रंगू म्हनती, ‘त्यांला कशाला बोलता? त्ये झोपले हुते.’

तुझा
आसाराम